संततीची आस आणि घरचे पथ्य

लग्नाला दोन वर्षे उलटली की आपल्या घरांतून एक प्रश्न हलक्या आवाजात विचारला जाऊ लागतो. प्रथम हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, मग माहेरची आत्या विचारते, आणि पुढे घरातली वडीलधारी मंडळी आपसांत बोलू लागतात. सुनेच्या तोंडावर नव्हे, पण तिला ऐकू जाईल इतक्याच अंतरावरून. मग कोणी नवस सुचवितो, कोणी सोळा सोमवार, तर कोणी नागपूरचा दवाखाना. सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी पट्टा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्यप्रदेशात राहिला, ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला, परंतु अशा कामासाठी इकडची पावले अद्याप नागपूरकडेच वळतात. तिथून परतणाऱ्या कित्येक सुनांच्या कागदावर आजकाल ‘पीसीओएस’ अशी अक्षरे असतात, आणि जोडीला तीन वाक्ये : वजन उतरवा, रोज चाला, गोड-धोड कमी करा.

ही तीन वाक्ये घरी पोचेपर्यंत त्यांचा अर्थ पालटतो. कोणी म्हणते, डॉक्टरांनी औषध असे काही दिलेच नाही, दवाखाना बदलावा. कोणी म्हणते, म्हणजे दोष हिच्या खाण्याचाच. वास्तविक व्यायाम आणि आहार हा या विकारातील पहिला उपचार आहे. त्याला मात्रा आहे, मुदत आहे आणि मर्यादाही आहे. तो एकट्या सुनेने करावयाचा नसून साऱ्या घराने करावयाचा आहे, एवढे पटवून देण्यासाठी हा लेखनप्रपंच. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. वैद्यकातील मान्य गोष्टी घरगुती भाषेत मांडाव्यात इतकाच त्याचा अधिकार.

हा विकार नवा नाही. १७२१ मध्ये वॅलिस्नेरी या इटालियन वैद्याने मूल नसलेल्या एका स्थूल शेतकरी तरुणीच्या बीजकोशांचे वर्णन लिहून ठेवले आहे : कबुतराच्या अंड्याएवढे, पांढुरके, चकचकीत. पुढे १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरद्वयाने अशा सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली आणि वैद्यकशास्त्राने या विकाराची रीतसर नोंद घेतली. ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ हे नाव मात्र फसवे आहे. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत. दर महिन्याला बीजकोशात अनेक बीजपुटके वाढू लागतात आणि त्यांतील एक पक्व होऊन फुटते, तेव्हा स्त्रीबीज बाहेर पडते. या विकारात ती पुटके दोन ते नऊ मिलिमीटर एवढी होऊन अडून बसतात. ज्वारीच्या कणसात दाणा धरावा आणि भरण्याआधीच त्याची वाढ खुंटावी, तसे. म्हणून शस्त्रक्रिया करून ‘गाठी काढून टाका’ असा हट्ट कोणी धरू नये.

रॉटरडॅम येथे २००३ मध्ये तज्ज्ञांनी निदानाची खूण ठरविली, ती थोड्याफार दुरुस्तीने आजही चालते. पाळी अनियमित असणे; पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य, म्हणजे हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरुमे किंवा रक्ततपासणीत तसे आढळणे; आणि सोनोग्राफीतील ते विशिष्ट चित्र. या तिहींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात, शिवाय थायरॉइडसारखी अन्य कारणे तपासून बाजूला सारावी लागतात. एकट्या सोनोग्राफीच्या कागदावरून ‘हिला पीसीओडी आहे’ असे चार घरी सांगत सुटणे अन्यायाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननवयातील शंभर स्त्रियांत दहा ते तेरा जणींना हा विकार असतो, आणि त्यांतील बहुतेकींना तो ठाऊकही नसतो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ राहण्यास चार गोष्टी आवश्यक सांगितल्या आहेत : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. शेतकऱ्याला सहज उमजावी अशी ही मांडणी आहे. पीसीओएसमध्ये क्षेत्र बहुधा ठीक असते, बीजही असते. ते वेळेवर पिकत नाही इतकेच. आजचे शास्त्र त्याचे एक प्रमुख कारण इन्शुलिनकडे दाखविते. जेवणातील साखर रक्तातून स्नायूंत पोचविणे हे इन्शुलिनचे काम. स्नायू त्याला दाद देईनासे झाले की शरीर अधिकाधिक इन्शुलिन निर्माण करते. हे जादा इन्शुलिन बीजकोशाला पुरुषी संप्रेरके वाढविण्यास चिथावते, आणि यकृतात तयार होणारे, त्या संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते. परिणामी मोकळी पुरुषी संप्रेरके वाढतात आणि बीजपुटके अडतात. चालण्याचा आणि पाळीचा संबंध काय, असे विचारणाऱ्या सासूबाईंना उत्तर येथेच मिळते. चालताना स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता साखर ओढून घेतात, आणि त्यानंतर एक-दोन दिवस ते इन्शुलिनला अधिक दाद देतात. म्हणून रविवारी दोन तास चालून सहा दिवस बसून राहण्यात हशील नाही; सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू नये.

येथे एक शंका हटकून निघते : “आमची सून तर काडीसारखी बारीक आहे, तिला कसला पीसीओएस?” या शंकेचे उत्तर आपल्या पुण्यात मिळाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि भारतीय शरीर दिसायला बारीक, पण आतून चरबीयुक्त असते, हे जगासमोर मांडले. त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! याच कारणास्तव भारतीयांसाठी स्थूलतेची रेघ खाली ओढली आहे : निर्देशांक २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे स्थूलता, आणि स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अशा वेळी अधिक खरे बोलते.

मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेने शहरातील पंधरा ते चोवीस वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉटरडॅमच्या कसोटीने २२.५ टक्के मुली या विकाराच्या निघाल्या, अधिक कडक कसोटीने १०.७ टक्के. आणि ज्यांना विकार होता त्यांतील सुमारे ७२ टक्के मुली स्थूल नव्हत्याच! (देशातील पहिले शास्त्रशुद्ध नोंदीचे परीक्षानळी-बालक ऑगस्ट १९८६ मध्ये केईएममध्ये जन्मले, ते डॉ. इंदिरा हिंदुजा आणि याच संस्थेचे शास्त्रज्ञ यांच्या संयुक्त प्रयत्नांतून. तेव्हा ही आकडेवारी कोण्या ऐऱ्यागैऱ्याची नव्हे.) बारीक मुलीने वजन उतरवावयाचे नसते, परंतु व्यायाम तिलाही तितकाच लागू पडतो. आंध्रप्रदेशातील एका निवासी महाविद्यालयात पंधरा ते अठरा वर्षांच्या नव्वद मुलींवर बारा आठवडे प्रयोग झाला. निम्म्या मुली रोज तासभर योगाभ्यास करीत, निम्म्या साधा व्यायाम. योगाच्या गटात पुरुषी संप्रेरके अधिक उतरली आणि पाळीत सुधारणा दिसली, वजनात म्हणण्यासारखा फरक पडलेला नसताना. गट लहान होता, म्हणून योग हा रामबाण असे यावरून म्हणता येणार नाही. पण काटा हलला नाही म्हणून मध्येच सोडून देणाऱ्या मुलींना ही हकीकत अवश्य सांगावी.

मात्रा किती? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार आठवड्यात एकूण १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम, अथवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम, आणि आठवड्यातून दोन दिवस, एकाआड एक, स्नायूंना बळ देणारा व्यायाम. वजन उतरवावयाचे असेल तर मध्यम व्यायाम निदान अडीचशे मिनिटे हवा. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. स्नायूंसाठी यंत्रे लागत नाहीत. उठाबशा, जिना चढणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे पुरेसे आहे. ‘घरकाम होतेच की’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कापूस वेचणारी, डोक्यावर भारा वाहणारी बाई हा लेख वाचणार नाही आणि तिला चालण्याचा उपदेश करण्याची कोणाची प्राज्ञाही नाही. पण ओट्याशी उभे राहून दोन तास स्वयंपाक करणे म्हणजे व्यायाम नव्हे. त्यात उभे राहणे आहे, हालचाल नाही.

खरी अडचण मात्रेची नसून वाटेची आहे. लहान गावात नवी सून एकटी, झपाझपा, पायांत बूट घालून सडकेने निघाली की दारोदारच्या नजरा तिच्या पाठीवर असतात. सकाळी चहा-नाश्ता, डबे, पाणी भरणे. संध्याकाळी दिवाबत्ती आणि स्वयंपाक. यांतून पाऊण तास तिला कोणी काढून द्यावयाचा? तो सासूने द्यावयाचा आहे. तिने सोबत चालावे, म्हणजे नजरांचा प्रश्न मिटतो आणि सासूच्या गुडघ्यांचे व साखरेचेही भले होते. सौंसरहून जामसावळीला मारुतीच्या दर्शनास पायी जाणाऱ्यांना कोणी नावे ठेवीत नाही. मग त्याच सडकेवर रोज चालणारीला का ठेवावीत? शाळेतला अनुभव असा की आठवीपर्यंत मैदानभर धावणाऱ्या मुली नववीत गेल्या की कडेला उभ्या राहू लागतात, आणि पालकही त्याला शहाणपण समजतात. बाराव्या-तेराव्या वर्षी सुटलेले खेळणे पंचविसाव्या वर्षी डॉक्टरांच्या चिठ्ठीने पुन्हा सुरू करणे किती जड जाते, हे त्या मुलीच जाणोत.

आता आहार. त्याच मार्गदर्शिकेने स्पष्ट सांगितले आहे की पीसीओएससाठी अमुक एक आहारपद्धती इतरांपेक्षा श्रेष्ठ ठरलेली नाही. तेव्हा पोळी बंद, दूध बंद, अमुक परदेशी बी आणा, अशा टोकाच्या सल्ल्यांना भुलू नये. आपल्या भागातील जुने ताटच नीट वाढले तर पुष्कळ काम होते : ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, मेथी किंवा अंबाडीची भाजी, काकडी-मुळा, वाटीभर दही किंवा ताक, चालत असेल त्या घरी अंडे. बिघडते ते ताटाबाहेर. दिवसातून चार वेळा गोड चहा, त्याबरोबर बिस्किटे नाहीतर टोस्ट, सकाळी नुसते पोहे, पाहुणा आला की शेव-चिवडा. पोहे खावेत, पण त्यांत वाटाणे वा मोड आलेली मटकी अर्ध्याला अर्धी असावी. भात एक मूद, वरण दोन वाट्या, असे प्रमाण उलटे केले की साखर चढण्याचा वेग मंदावतो. संत्र्यांच्या या मुलुखात दवाखान्यातून परतलेल्या सुनेला रसाचा पेला देण्याची पद्धत आहे. एका पेल्यात तीन-चार संत्र्यांची साखर जाते आणि चोथा फेकला जातो. तीच फळे एकेक करून, फोडी खाऊन खावीत.

उपासांविषयी बोलताना जपून बोलावे लागते, तरी बोललेच पाहिजे. मूल व्हावे म्हणून सोमवार, चतुर्थी, एकादशी धरणारी बाई दिवसभर उपाशी राहते आणि रात्री साबुदाण्याची खिचडी व बटाट्याचा कीस पोटभर खाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. इन्शुलिनला चढविण्यास त्याच्यासारखा पदार्थ नाही. व्रत श्रद्धेने करावे, त्याला आमचा आक्षेप नाही. फराळात मात्र दही, ताक, शेंगदाणे, राजगिरा, काकडी, एखादे फळ असावे. आणि आणखी एक चाल : सर्वांचे आटोपल्यावर रात्री दहाला उरलेसुरले खाणारी सून. भाजी संपलेली, वरण तळाला गेलेले, भात आणि पोळ्या तेवढ्या शिल्लक. डॉक्टरांनी आहाराचा कितीही सुरेख तक्ता लिहून दिला तरी या एका चालीपुढे तो व्यर्थ आहे. सुनेचे ताट सर्वांबरोबर आणि सर्वांसारखे वाढले गेले पाहिजे, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा उपचार समजावा. शाकाहारी घरांत ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव वारंवार आढळते, तेव्हा तेही तपासून घ्यावे. आणि फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याआधीपासूनच रोज सुरू असावी.

या पथ्याने खरोखर मूल होते काय? ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे नव्वदीच्या दशकात स्थूल व वंध्यत्वाने त्रस्त स्त्रियांचे गट करून सहा महिने दर आठवड्याला एकत्र व्यायाम व आहारचर्चा घेण्यात आली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार ज्यांना बीजनिर्मिती होत नव्हती अशा ६७ स्त्रियांनी हा क्रम पुरा केला; सरासरी दहा किलो वजन उतरले, ६० जणींची बीजनिर्मिती आपोआप सुरू झाली, ५२ जणींना दिवस राहिले (त्यांतील १८ जणींना कोणत्याही औषधाविना), आणि ४५ जणींना मूल झाले. मध्येच सोडून गेलेल्यांना असा लाभ झाला नाही. सर्वांनाच दहा किलो उतरवावे लागत नाहीत. वजनाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे सत्तर किलोच्या स्त्रीने साडेतीन ते सात किलो, एवढ्यानेही कित्येकींची पाळी मार्गावर येते. त्या प्रयोगातील मर्म आम्हाला गटात दिसते. आपल्याकडे महिला मंडळे आहेत, बचत गट आहेत, भिशी आहे. दहा जणी जमून साड्या पाहतात, त्या दहा जणी चालूही शकतात.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नेदरलँड्समध्ये ५७७ स्थूल, अपत्यहीन स्त्रियांवर प्रयोग झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आधी सहा महिने पथ्य-व्यायाम, नंतर उपचार. निम्म्यांना लगेच उपचार. पथ्याच्या गटात औषधाविना दिवस राहण्याचे प्रमाण अधिक निघाले, पण दोन वर्षांच्या अखेरीस पथ्याच्या गटाची सरशी झाली नाही. उलट लगेच उपचार घेतलेला गट पुढे होता. त्या साऱ्याच पीसीओएसच्या नव्हत्या आणि सरासरी वजन चार-साडेचार किलोच उतरले होते. तरीही बोध घ्यावयाचा तो असा की पथ्याच्या नावाखाली वर्षेच्या वर्षे घालवू नयेत. सुनेचे वय पंचवीस असेल तर तीन ते सहा महिने नेटाने पथ्य करून पाहण्यास हरकत नाही. वय तिशीच्या पुढे गेले असेल तर पथ्य आणि औषध बरोबरच सुरू व्हावे. पस्तिशीनंतर तर सहा महिने वाट पाहणेही पुष्कळ झाले.

औषधांत बीज पिकविण्यासाठी लेट्रोझोल ही गोळी आज पहिली मानली जाते. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर जुन्या क्लोमिफिनने १९.१ टक्के. आपल्या देशात २०११ मध्ये या कामासाठी लेट्रोझोलवर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. तेव्हा जुन्या ऐकीव माहितीवरून तिची धास्ती घेऊ नये. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध. इन्शुलिनची बाजू ते सांभाळते, मात्र मूल होण्यासाठी ते एकटे फारसे पुरे पडत नाही. पाळी तीन महिन्यांहून अधिक लांबली तर मुलाचा विचार असो वा नसो, डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे, कारण गर्भाशयाचे अस्तर साचत राहणे पुढे घातक ठरू शकते.

आणि पुरुष? अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचेही कारण असते, एकट्याचे किंवा दोघांचे मिळून. वीर्यतपासणी स्वस्त आहे, वेदनारहित आहे, आणि एका दिवसात होते. तरीही सुनेच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या आणि वर्षभराच्या गोळ्या झाल्यावर चिरंजीवांची तपासणी निघते, तीही नाखुषीने. ती पहिल्याच फेरीत व्हावी. मुलाच्या घरच्यांनी ती आपण होऊन मागावी. त्याच्या पोटाचा घेर, तंबाखू, रात्री उशिराचे जेवण यांनाही तेच पथ्य लागू आहे, आणि नवरा बरोबर चालू लागला की बायकोचे चालणे टिकते, असे पाहण्यात आहे.

नागपूरला जावयाचे ठरले तर एक वही सोबत न्यावी. तीत मागील वर्षभराच्या पाळीच्या तारखा असाव्यात. वर्षाकाठी आठांहून कमी पाळ्या, अथवा दोहोंत पस्तीस दिवसांहून अधिक अंतर, ही गोष्ट डॉक्टरांना महागड्या तपासणीइतकीच उपयोगी पडते. त्याच वहीत चालल्याची मिनिटे आणि महिन्यातून एकदा कमरेचा घेर लिहीत जावे. दिवस राहिले म्हणजे ही वही बंद करू नये. या स्त्रियांना गरोदरपणात मधुमेह आणि रक्तदाब जडण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. पहिल्याच भेटीत रक्तातील साखर तपासावी, चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ती पुन्हा तपासावी, आणि ‘आता दोघांपुरते खा’ म्हणून तुपाचे लाडू पुढे करणाऱ्या माहेरवासीयांनाही ती वही एकदा वाचून दाखवावी.